घाम तोच, उलटी तीच, औषध मात्र उलटं: विंचू, फवारणी आणि हृदयाच्या नसा

ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस. पांढरकवड्याच्या आसपास कुठेही जा, पऱ्हाटी कंबरेच्या वर गेलेली असते आणि वावरात कोणीतरी पाठीवर पंप घेऊन फवारा मारत असतो. समजा, त्यातला एकजण दुपारी धुऱ्यावर येऊन बसला. दरदरून घाम, उलट्या, तोंडातून लाळ. सोबतचे त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात आणतात.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, नेमकं झालं काय? फवारा लागला, की धुऱ्यावरच्या दगडाखाली विंचू होता?

आता तुम्ही म्हणाल, विष ते विष, फरक काय पडतो? तर फरक मोठा पडतो. घाम, लाळ आणि उलट्या ही सुरुवातीची लक्षणं दोन्हीकडे दिसू शकतात. पण फवारणीच्या एका प्रकारच्या विषबाधेत जे इंजेक्शन जीव वाचवतं, तेच विंचूदंशात आधीच पळत असलेल्या हृदयाला आणखी पळवतं. असं का होतं, हे कळायला हृदय आणि नसांचं नातं समजून घ्यावं लागतं. आणि या विषयातलं जगभर वाचलं गेलेलं एक काम आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरने तालुक्याच्या गावात बसून केलंय.

कासरा आणि तुतारी

हृदय स्वतःच्या मर्जीने धडधडतं. सगळ्या नसा तोडल्या तरी ते मिनिटाला साधारण 100 ठोके देत राहील. मग बसल्या जागी आपली नाडी 70-72 का भरते? कारण मेंदूतून निघालेली वेगस नावाची नस त्याला सतत मागे खेचत असते. बैलगाडीचा कासरा असतो ना, तसं. दुसऱ्या बाजूला आहेत सिंपथेटिक नसा, शाळेच्या पुस्तकातल्या 'अनुकंपी'. भीती, राग, धावपळ असं काही झालं की त्या हृदयाला टोचतात. म्हणजे ही तुतारी. (बैल हाकायची टोकदार काठी हो, निवडणुकीतली नाही.)

या नसा हृदयाला सांगतात कसं, याचं उत्तर 1921 मध्ये मिळालं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची वेगस नस उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर त्या हृदयाला नस जोडलेली नसतानाही ते मंदावलं! म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. यासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना 1936 चं नोबेल मिळालं.

यातली आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. ॲसिटिलकोलिनचं काम झालं की शरीरातलं कोलिनएस्टरेझ नावाचं एन्झाइम ते क्षणात तोडून टाकतं. कासरा ओढला, सोडला. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. हे सोडणं थांबलं तर?

फवाऱ्यात काय होतं

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं तेच करतात. ती कोलिनएस्टरेझला जाम करतात. अळीच्या शरीरात हे व्हावं म्हणूनच ती बनवलेली आहेत, पण आपल्या शरीरातलं एन्झाइमही त्याच जातीचं. श्वासातून, ओल्या कपड्यांतून, गळक्या पंपामुळे भिजलेल्या पाठीच्या कातडीतून हे विष आत जातं. ॲसिटिलकोलिन साचत जातं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ गळते, छातीत पाणी साचल्यासारखा आवाज येतो, स्नायू थरथरतात आणि बऱ्याचदा नाडी मंद होत जाते. (कधी वेगवानही असते, म्हणून एकट्या नाडीवर भरवसा ठेवता येत नाही.) जीव बहुतेक वेळा श्वास बंद पडल्याने जातो.

यावर ॲट्रोपिन देतात. ते ॲसिटिलकोलिनची जागा अडवून बसतं आणि कासरा सैल पडतो. औषध जुनं आणि स्वस्त आहे, पण गंभीर रुग्णाला ते पुन्हा पुन्हा, वाढवत वाढवत द्यावं लागतं आणि शेजारी कोणीतरी सतत लक्ष ठेवून बसावं लागतं.

विंचवात काय होतं

इथे येतात डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. 1976 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेली माणसं, त्यातही पोरं, दगावत होती. वैद्यकीय पुस्तकांत त्यावर ठोस उपाय नव्हता. मोठी लॅब सोडा, साधी साधनंही हाताशी नव्हती. मग त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, हातापायांचं तापमान टिपायला सुरुवात केली.

त्या नोंदींतून क्रम उलगडला. आधी उलट्या, घाम, लाळ. मग हातपाय बर्फासारखे थंड, रक्तदाब चढलेला, नाडी धावणारी. शेवटी हृदय दमतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि तोंडातून फेस येतो. म्हणजे विंचवाचं विष माणूस मारतं ते नसांच्या मार्फत. ते नसांमधले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतं, नसा थांबायचं नावच घेत नाहीत आणि शरीरात ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनचा पूर येतो. डॉक्टर याला 'ऑटोनॉमिक स्टॉर्म' म्हणतात. आपल्या भाषेत, कोणीतरी तुतारी टोचतच राहिलंय.

हृदय बिघडण्याआधीची ही लक्षणं बावस्करांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात मांडली. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन यावर चालेल, हे त्यांनी ओळखलं. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, हृदयावरचा भार उतरतो. गंभीर रुग्णांत पूर्वी 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू एका टक्क्यावर आले. ही साधी गोळी आहे, हे लक्षात घ्या. तिला ना आयसीयू लागतं, ना मशीन. पुढे 2011 मध्ये 'बीएमजे'त त्यांचा आणखी एक अभ्यास आला. 70 रुग्णांवरचा. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस दिलेल्या गटात 10 तासांत 91.4 टक्के रुग्ण पूर्ण सावरले, नुसतं प्राझोसिन दिलेल्या गटात 22.9 टक्के. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या सोबत होत्या. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि हो, घाम-लाळ पाहून विंचूदंशात ॲट्रोपिन देऊ नका, हेही बावस्कर सांगत आलेत. तुतारी टोचली जात असताना कासराही सोडून दिला, तर बैल कुठे जातील?

मग 2017 मध्ये काय चुकलं?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, बारीक तुषार उडवणारे चार्जिंगचे पंप आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवायची सवय, अशी कारणं चर्चेत आली. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, त्याने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली. नोव्हेंबरमध्ये विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवण्यात आली.

त्या पाचांची यादी नीट वाचली की एक गोष्ट दिसते. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण, या तिघांत ऑर्गॅनोफॉस्फेट आहे. उरलेल्या दोघांत, म्हणजे डायफेन्थियुरॉन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडमध्ये, नाही. तिथे कासऱ्याचं गणित चालत नाही आणि नेमका उताराही नाही. मग समोरच्या माणसाच्या अंगात कोणतं विष आहे, हे ओळखायचं कसं? एक मार्ग म्हणजे रक्तातलं कोलिनएस्टरेझ तपासणं. ते घसरलेलं असेल तर ऑर्गॅनोफॉस्फेटचा संशय पक्का होतो. यवतमाळमध्ये तेव्हा नेमकी या तपासणीचीच वानवा होती आणि तो मुद्दा बराच गाजला.

माझ्या मते 2017 नंतरची आपली चर्चा दोनच टोकांवर अडकली. एक, कंपन्यांवर कारवाई करा. दोन, शेतकऱ्याने मास्क घालावा. (उकाडा, दमट हवा आणि मास्क; सांगणाऱ्याने एकदा घालून पाहावा.) दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण मधला पहिला तास राहून गेला. पांढरकवड्याहून यवतमाळचं मेडिकल कॉलेज साठ-सत्तर किलोमीटर. एखाद्या कोलाम पोडावरून निघालेल्या माणसाला आधी डांबरी रस्त्यापर्यंत यायचंय. तिथून पुढचा वेळ रस्त्यातच जातो. म्हणून कोणती नस अडकली हे ओळखणं आणि पहिला डोस देणं, दोन्ही तालुक्यात, खरं तर गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच व्हायला हवं. बावस्करांनी ते तालुक्याच्या गावात करून दाखवलं होतं, तेही चाळीसेक वर्षांपूर्वी.

तोवर तुमच्या गावात असं झालं तर? फवारा लागला असेल तर भिजलेले कपडे आधी उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्यानेही ते औषध स्वतःच्या हाताला लागू देऊ नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, दूध, काहीही घालू नका. दोन औषधं कालवली असतील तर दोन्ही डबे सोबत न्या, लेबल फाटलं असलं तरी. विंचू चावला असेल तर मांत्रिकाकडे अर्धा तास घालवू नका, आणि 'हातपाय थंड पडलेत' हे डॉक्टरला न विचारता सांगा. रुग्णवाहिकेसाठी नंबर 108.