भिंत दुकानाची, चित्र कुणाचे?

पाहुणे येणार म्हटले की घराला रंग काढायचा, ही आपली रीत. शहरांचेही तसेच असते. २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० परिषदेच्या निमित्ताने ‘डब्ल्यू-२०’ या महिलांच्या गटाची बैठक आपल्या शहरात भरली. २७ आणि २८ फेब्रुवारी, असे दोनच दिवस. पण त्याआधी रस्त्याकडेच्या भिंती रंगल्या, दुभाजक सजले, आणि येणारेजाणारे गाडी थांबवून चित्रे पाहू लागले. पाहुणे आले आणि गेले. आता स्वतःलाच विचारून पाहा, त्या भिंती रंगवणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय? हा प्रश्न कुणाला दोष देण्यासाठी नाही. भिंत मिळाली म्हणजे चित्रकाराला सारे काही मिळाले, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. तिच्याविषयी थोडे बोलायचे आहे.

बोलण्याचे निमित्त म्हणजे जगभर रुजलेली एक प्रथा. जुन्या बाजारपेठेतले व्यावसायिक एखाद्या ठरलेल्या संध्याकाळी दारे उशिरापर्यंत उघडी ठेवतात. आत गावातल्याच चित्रकारांची चित्रे लावलेली असतात. लोक पायी हिंडतात, कापडाच्या दुकानातून चहाच्या हॉटेलात, तिथून पुस्तकांच्या दुकानात. चित्रे पाहतात, चित्रकाराशी बोलतात, जमले तर विकतही घेतात. अमेरिकेत सिएटल शहराच्या पायोनियर स्क्वेअर या जुन्या भागातील कलादालनांनी १९८१ मध्ये महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अशी फेरी सुरू केली. पुढे गावोगावी दालनांच्या जोडीला साधी दुकानेही त्यात आली. आपल्याकडे मुंबईत काळा घोडा परिसराच्या संघटनेने १९९९ मध्ये कला महोत्सव सुरू केला. त्याचे स्वरूप वेगळे आणि फार मोठे असले, तरी रस्ता, इमारती आणि चित्रे यांना एकत्र पाहण्याची सवय त्याने मराठी माणसाला लावली.

अशी कलाफेरी आपल्या जुन्या शहरात निघाली तर? वाट तर आखलेलीच आहे. पैठण गेटपासून टिळक पथाने गुलमंडी, तिथून मछली खडक, सिटी चौक, मग सराफ्यातून शहागंजच्या घड्याळापर्यंत. जरा आडबाजूला वळलात तर रंगारगल्ली, कुंभारवाडा आणि कासारी बाजार. रंगारी, कुंभार, कासार, सराफ. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली तेव्हापासून हे गाव हाताने वस्तू घडवणाऱ्यांच्या बळावर वाढले. आपल्या पेठांची नावे हीच त्याची वंशावळ आहे. हिमरू विणणारे आणि बिदरीच्या काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बसवणारे हातही याच गावातले.

आज या पेठांचे दिवस पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. २०१० मध्ये शहरात मोठा मॉल आला, मग वस्तू घरपोच देणारे मोबाइल आले. गाडी लावायला जागा नाही म्हणून कुटुंबे गुलमंडीला वळसा घालतात. दुसरीकडे, शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे, विद्यापीठात ललित कलेचा विभाग आहे. तिथून शिकून बाहेर पडणारी मुले काही दिवस इथे चाचपडतात आणि मग पुण्या-मुंबईची गाडी पकडतात. एकीकडे गिऱ्हाईक शोधणारी दुकाने, दुसरीकडे भिंत शोधणारी चित्रे. दोघांची गाठ घालून द्यावी, असे कुणाच्याही मनात येईल.

आणि ही गाठ काही नवी नव्हे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, आणि त्यातून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत आणि दुकानांत गल्ल्याच्या वर जाऊन बसल्या. पुढे दुकानदारांनी दिवाळीला कॅलेंडरे वाटली. पुष्कळ मराठी घरांत भिंतीवर लागलेले पहिले चित्र किराणा दुकानदाराने फुकट दिलेले होते. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर हा तर पेठेचा घरचाच माणूस. अक्षराला सावली कशी द्यावी, लाल रंगाशेजारी पिवळा कितपत चालतो, हे त्याला शाळेत न जाता कळत असे. एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात सिनेमाचे फलक रंगवले होते, हे प्रसिद्धच आहे. फ्लेक्सचे यंत्र आले आणि दिवसभराचे काम काही मिनिटांत होऊ लागले. पेंटरची शिडी अडगळीत गेली.

मुंबईतले एक उदाहरण इथे आवर्जून सांगण्यासारखे आहे. केकू गांधी हे चित्रांच्या चौकटी विकणारे व्यापारी. त्यांच्या केमोल्ड या चौकटींच्या दुकानात १९४० च्या दशकात आरा, हेब्बर, हुसेन या तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रे लागू लागली. चौकट घ्यायला आलेले गिऱ्हाईक चित्राकडे पाहू लागले, आणि कधीमधी चौकटीबरोबर चित्रही घरी गेले. १९६३ मध्ये त्याच केमोल्डचे कलादालन जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर उघडले. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासातले हे मोठे दालन एका दुकानाच्या भिंतीवर सुरू झाले, हे विसरू नये.

पण इतके लांब तरी कशाला जायचे? आपल्याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत एक आहे प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, मितदेव. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातला. म्हणजे अत्तराच्या दुकानदाराने खांबाचा खर्च दिला. त्याच लेण्यात सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्याचे नाव आहे, कान्हदास. आणि पुढे त्याचा धंदाही लिहिला आहे, सोनार. पैसे देणारा व्यापारी आणि मूर्ती करणारा कारागीर, दोघांचीही नावे एकाच ठिकाणी दगडात राहिली.

आता अजिंठ्याला या. बाराव्या लेण्यात घनामदड या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले, हे तिथल्या लेखावरून कळते. सव्विसाव्या लेण्याचा दाता भिक्षू बुद्धभद्र. दात्यांची नावे आहेत. पण ज्याने पद्मपाणी काढला त्याचे नाव काय? ते आपल्याला माहीत नाही, आणि बहुधा कधी कळणारही नाही.

पितळखोरा आणि अजिंठा, दोन्ही आपलीच. कलाफेरी काढायची तर ती कोणत्या वाटेने न्यायची, हा खरा प्रश्न आहे. भिंत देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत आणि चित्रकार अनामिक, असे झाले तर ती फेरी म्हणजे दुकानाच्या सजावटीचा स्वस्त मार्ग ठरेल. ‘तुमच्या कलेला प्रसिद्धी मिळेल’ हे वाक्य प्रत्येक चित्रकाराने ऐकलेले असते. प्रसिद्धीने रंगांच्या नळ्या येत नाहीत.

मी बँकेत आयुष्य काढले, म्हणून हिशेबाच्या बाजूने बोलतो. कर्ज देताना व्यापाऱ्याच्या गुदामात पडलेल्या मालाची किंमत धरली जाते. कोऱ्या कापडाच्या ताग्याला बँक किंमत देते. त्याच कापडावर एखाद्याने चित्र काढले की बँकेच्या लेखी ती किंमत शून्य होते! यात कुणा अधिकाऱ्याची अरसिकता नाही. ज्या वस्तूची खरेदी-विक्री कुठे नोंदलेली नाही, तिचे मोल कोण आणि कसे ठरवणार? चित्रकाराला कौतुकाइतकीच गरज आहे ती आपल्या मालाच्या नोंदीची. दहा दुकानांतून वर्षभरात त्याची दहा चित्रे विकली गेली आणि दहा पावत्या फाटल्या, तर पुढच्या वेळी तो बँकेच्या टेबलासमोर रिकाम्या हाताने बसणार नाही.

या कामासाठी परदेशातून काही शिकून येण्याची गरज नाही. आपल्या पेठेला एक जुना शब्द ठाऊक आहे, जांगड. पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर परत करायचा, अशा बोलीवर आणलेला माल म्हणजे जांगड. सराफ्यात आणि कापडबाजारात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याची वेगळी वही असे. चित्रही दुकानात असेच जांगड म्हणून यावे. चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात. चित्र कुणाचे, किंमत किती, दुकानात किती दिवस राहणार, आणि विकले गेले तर दुकानदाराचा हिस्सा किती. कलादालने साधारणपणे किमतीच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत हिस्सा घेतात. दुकानदाराला चित्रासाठी वेगळी जागा भाड्याने घ्यावी लागत नाही, म्हणून त्याने त्याहून कमी घ्यावा. समजा, १०,००० रुपयांच्या चित्रात ५ टक्के कर वेगळा ठेवून दुकानदाराने २,००० घेतले, तर चित्रकाराच्या हाती ८,००० येतात. त्यातून कॅनव्हास, रंग, चौकट आणि रिक्षाभाडे वजा जाता जे उरते ती त्याच्या कित्येक दिवसांची मजुरी. त्यातही घासाघीस करणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. त्या कराचेही एक बरे झाले. सप्टेंबर २०२५ पासून चित्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

विमा हा दुसरा मुद्दा. पावसाळ्यात छत गळले, शॉर्टसर्किट झाले, तर चित्र कुणाचे गेले? दुकानाच्या नेहमीच्या आगविम्यात दुसऱ्याचा ठेवलेला माल आणि कलावस्तू यांचा वेगळा उल्लेख नसेल, तर भरपाईची आशा बहुधा धरू नये. हे आधी विचारून घेतलेले बरे. नंतर मैत्री तुटते.

तिसरा मुद्दा कायद्याचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प केले होते. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकण्यात आले आणि त्याचे तुकडे झाले. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प त्यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिल्पाचे पैसे सरकारने कधीच चुकते केले होते, मालकीही सरकारचीच होती. तरीही कलाकृतीशी असलेले कलावंताचे नाते पैसे दिल्याने संपत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. भिंत आपली असली तरी तिच्यावरच्या चित्राला चुना फासण्याआधी चित्रकाराला एक शब्द विचारावा, इतका धडा आपल्याला पुरेसा आहे.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल, लोक चित्रे पाहतील, पंख्याखाली उभे राहतील आणि साडी न घेता निघून जातील. त्याची शंका खोटी नाही. काळा घोडा महोत्सवाला दर वर्षी लोटणारी गर्दी आपण पाहतो. त्याच चौकातले ‘रिदम हाऊस’ हे संगीताचे नामांकित दुकान मात्र २०१६ मध्ये बंद झाले. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. म्हणून वर्षातून एकदा मांडव घालून होणाऱ्या उत्सवापेक्षा महिन्यातून एक साधी संध्याकाळ बरी. दहा-बारा दुकाने, प्रत्येकात एकाच कलावंताची तीन-चार कामे, आणि तो कलावंत तिथे हजर. माणूस महिन्याला एकदा पेठेत पायी फिरू लागला की पुढे कधीतरी साडीही तिथूनच घेतो. या संध्याकाळी चित्रांबरोबर हिमरूचा विणकर आणि दुकानाची पाटी हाताने रंगवणारा पेंटरही असावा. ज्यांनी या पेठांना नावे दिली त्यांना बाहेर ठेवून कलेची फेरी कशी काढणार?

आणि आपण, म्हणजे पाहणारे? आपण दिवाणखान्यातल्या सोफ्यावर पाऊण लाख खर्च करतो आणि त्याच्या वरच्या भिंतीवर कारखान्यात छापलेला धबधबा लावतो. चित्रातले आपल्याला कळत नाही, असे म्हणून मोकळे होतो. आंब्यातले तरी सगळे कुठे कळते? तरी आपण वास घेऊन, भाव विचारून, एखादी पेटी घेतोच. चित्राचा भाव विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उलट तो विचारला की समोरच्या मुलाला कळते, आपले काम हा एक व्यवसाय आहे. मुलांना बरोबर न्यावे, त्यांना चित्रकाराशी बोलू द्यावे, आणि घरी आल्यावर त्याचे नाव विचारावे.

कान्हदासाला आपले नाव दगडावर कोरता आले. आजच्या चित्रकारासाठी दुकानदाराने जांगडवहीत एक ओळ लिहिली तरी पुरे. पेठेतल्या कुणीतरी ती वही उघडावी. पहिली फेरी दहा दुकानांची असली तरी चालेल.