बारा फोटोंची दुपार

फोटो काढणे इतके स्वस्त झाले आहे की फोटो काढणारा आता काही पाहातच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत म्हाताऱ्या माणसाचे वाटेल, पण मी वीस वर्षांची आहे. मोबाईल माझ्याजवळही आहे आणि तो मला प्रिय आहे. माझी तक्रार त्या यंत्राविषयी नाही, मोजदाद सुटल्याविषयी आहे.

वाणिज्य शाखेत घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवतात. सर तो इंग्रजीतून सांगतात, कन्नडमधून समजावतात, आणि माझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्या मुली तो मनातल्या मनात मराठीत बसवून घेतात. पहिल्या आंब्याची गोडी दहाव्याला नसते, एवढाच त्याचा अर्थ. मग एकाच देवळाचे चाळीस फोटो काढणाऱ्याला हा नियम लागू पडतो की नाही, हे सरांनीच सांगावे!

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी बाबांबरोबर आमच्या बेळगावच्या किल्ल्यात फोटो काढायला गेले. अट बाबांची होती. "बारा फोटो. तेरावा काढायचा नाही." हा बाराचा आकडा आजोबांच्या आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्यातून आलेला. तो कॅमेरा बडोद्याला तयार होई. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत आणि कितवा चालू आहे ते पाठीमागच्या लाल खिडकीत दिसे. आमच्या घरी एक रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरे, असे बाबा सांगतात.

बसस्टँडच्या बाजूने खंदक ओलांडून आत गेलो. लष्कराचा भाग सोडून दिला, कारण तिथे फोटोचा प्रश्नच येत नाही. कमल बस्तीत मात्र बराच वेळ बसलो. हे जैन मंदिर १२०४ साली रट्ट राजांच्या काळात बिचिराज मंत्र्याने बांधले. मंडपाच्या छताला दगडाचे कमळ खाली तोंड करून लोंबते आणि त्यावरूनच बस्तीला नाव पडले. खांब इतके गुळगुळीत की लाकडासारखे कातून काढल्यासारखे वाटतात. मोबाईलने वर नेम धरला की अंधार क्षणात नाहीसा होतो आणि डोळ्यांना जे दिसत नाही तेही उजळ होऊन पडद्यावर येते. बाबांना ते पसंत नव्हते. "उजेड इकडे येऊ दे," म्हणाले, आणि पायरीवर बसून राहिले.

या वीस-पंचवीस मिनिटांविषयीच मला लिहायचे आहे. बसल्या बसल्या बाबा बोलू लागले. १९९४ साली त्यांना मुंबईला नोकरी मिळाली होती, पत्र आले होते, ट्रंकही भरली होती. आजोबा आजारी पडले आणि ट्रंक रिकामी झाली. मी या घरात वीस वर्षे राहते आहे, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आमच्यात बोलणे होते ते फीचे, गॅस सिलिंडरचे आणि निकालाचे. पुढच्या वर्षी मी सी.ए.च्या आर्टिकलशिपसाठी पुण्याला जाणार, हे ठरले आहे. तेव्हा "तुम्हाला वाईट वाटलं का?" असे विचारायला माझी जीभ रेटेना. बाबा वर बघत होते. मग म्हणाले, "आता काढ." तो आमचा पाचवा फोटो.

भराभर फोटो काढून आम्ही तासाभरात परतलो असतो, तर हे बोलणे झाले नसते. माझा मुद्दा एवढाच आहे.

दुसरी अट माझी. बाराही फोटो कागदावर छापून घेतले आणि मागे गाव, तारीख, माणसाचे नाव लिहिले. आमच्या घरी एका डब्यात जुने फोटो आहेत. त्यांतल्या एकात विहिरीच्या काठी पाच बायका उभ्या आहेत. आजी गेल्यापासून त्यांची नावे सांगणारे कोणी उरले नाही. याउलट, ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात हरिपद मित्र यांच्या घरी राहिले आणि मित्रांच्या आग्रहावरून त्यांनी इथे फोटो काढून घेतला. त्या फोटोचे गाव, महिना आणि आग्रह करणाराही आज सांगता येतो. थोरांचे सोडा, पण आपल्या आजीच्या मैत्रिणींना निदान नाव तरी हवे की नको?

आई-वडिलांना घेऊन असे हिंडणे ही चैन आहे, असे एक मैत्रीण म्हणाली. हिशेब देते: शहर बसचे भाडे, दोन चहा, भज्यांची एक प्लेट, बारा फोटोंची छपाई. बाबांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, तेवढी रक्कम वजा करावी.

कन्नड विभागात लिहिणारी माझी वर्गमैत्रीण सुट्टीत तिच्या अव्वाला घेऊन गोकाकच्या धबधब्याला जाणार आहे. मी तिला बाराची अट घातली. तिथला झुलता पूल, पाणी आणि अव्वा एवढे सगळे बारात कसे मावणार, असे म्हणून तिने घासाघीस सुरू केली. शेवटी सौदा अठरावर तुटला. मागे नावे ती कन्नडमध्येच लिहिणार आहे.