सुट्या फळ्यांचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे म्हणतात. माणसाचे बिऱ्हाड मात्र टेम्पोत चढवावे लागते. आणि ते चढवताना घरातल्या कोणत्या वस्तूची आपण किती किंमत करतो, हे उघडे पडते. 2023 सालच्या आषाढात आमच्या भाचीची बदली पुण्यास झाली, तेव्हा हा अनुभव आम्हांस आमच्याच घरात आला. वाचक-भगिनींपुढे तो मांडताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यात दोष दुसऱ्या कोणाचाही नव्हता.

काचीगुड्याच्या आमच्या घरात सासूबाईंच्या माहेरची एक सागवानी पेटी होती. ती भाचीबरोबर पाठवावी, असे घरात ठरले. तिला दोन गोधड्या गुंडाळल्या, वरून गोणपाट शिवले, आणि टेम्पोत अगदी आतल्या बाजूस मानाची जागा दिली. भाचीचे स्वतःचे सामान म्हणजे एक लिहिण्याचे टेबल आणि एक पुस्तकांचे कपाट. दोन्ही तिने 2019 साली पहिल्या पगारातून घेतलेली. पुठ्ठ्याच्या खोक्यातून सुट्या फळ्या काढून, एका रविवारी जमिनीवर बसून तिने स्वतःच्या हातांनी जोडलेली. हमालाने विचारले, "बाई, याला काय बांधायचं?" आम्ही म्हणालो, "ती भुशाची फळी हो! ठेवा तशीच."

ती तशीच ठेवली गेली. जोडलेले कपाट आडवे पडले, त्यावर भांड्यांची पोती आली. हैदराबाद ते पुणे हा जहीराबाद, सोलापूरमार्गे साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा रस्ता, आणि वर आषाढाचा पाऊस. दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, "मामी, पेटी सुखरूप पोचली." आम्हांस समाधान वाटले. कपाटाविषयी ती एक शब्दही बोलली नाही. दिवाळीत तिच्या घरी गेलो तेव्हा पाहिले, तर पुस्तके भिंतीशी जमिनीवर रचून ठेवलेली. कपाटाची एक बाजू स्क्रूंसकट उपटून आली होती. टेबलाचा एक कोपरा पाणी पिऊन पुरीसारखा फुगला होता.

तेव्हापासून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. 2018 च्या ऑगस्टमध्ये आयकिया या स्वीडिश कंपनीचे भारतातील पहिले दुकान आपल्या हैदराबादेत उघडले, आणि जोडणीचे सामान आता अनेक कंपन्या विकतात. आपल्या मुलाबाळांच्या घरांत ते असणारच. तेव्हा त्यास हिणवण्यापेक्षा त्याचा स्वभाव ओळखणे बरे.

गंमत अशी की, हे सामान मुळात प्रवासासाठीच जन्मास आले आहे. मिखाएल थोनेट या कारागिराची 14 क्रमांकाची प्रसिद्ध खुर्ची 1859 साली निघाली. वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा पसारा. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटर मापाच्या एका पेटीत बसत, आणि दूरदेशी गेल्यावर जोडल्या जात. पुढे 1956 साली आयकियामधील गिलिस लुंडग्रेन यांस एक टेबल मोटारीत मावेना, तेव्हा त्यांनी त्याचे पाय काढून ठेवले, अशी हकीकत ती कंपनी सांगते. म्हणजे फळ्या सुट्या करण्याची युक्ती ही केवळ स्वस्ताईची नव्हे. वाटेत मोडतोड होऊ नये, हाही तिचा हेतू. आम्ही नेमके उलट केले. जी वस्तू सुटी होऊन प्रवास करण्यासाठी घडवली होती, तिला जोडलेल्या अवस्थेत धाडले.

असे केल्याने ती का मोडते? सागाच्या फळीत लाकडाचे उभे तंतू असतात; स्क्रू त्यांत रुतून बसतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा राळेत कालवून, उष्णतेने व दाबाने केलेली फळी. वर कागदाचा किंवा सनमायकासारखा पातळ पापुद्रा. अशी फळी सरळ वरून येणारा भार नीट पेलते. पण बाजूने हिसका बसला की स्क्रूभोवतीचा चुरा सुटतो आणि भोक मोठे होते. कपाट चौकोनी राहते ते बहुधा मागच्या पातळ पत्र्यासारख्या फळीमुळे. टेम्पो हेलकावे खाऊ लागला की ती फळी ढिली होते आणि सारा भार चार कोपऱ्यांतील खटक्यांवर येतो. पाण्याचे तर विचारूच नका. उघड्या कडेतून किंवा स्क्रूच्या भोकातून ओल आत शिरली की चुरा फुगतो, आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

यावरून पहिला नियम निघतो. मोठे कपाट, पलंग, टेबल सुटे करूनच न्यावे. अगदी लहान तिवई किंवा दोन खणांची पेटी जोडलेली नेली तरी चालते. सुटे करण्यापूर्वी चारही बाजूंनी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. सोबत आलेली जोडणीची पुस्तिका जपली असेल तर ती शेवटच्या पानावरून पहिल्याकडे वाचावी. आधी खण आणि सुटे कप्पे, मग दारे, नंतर मागची फळी, आणि शेवटी सांगाडा. कोपऱ्यातले गोल खटके स्क्रू-ड्रायव्हरने डावीकडे अर्धा वळसा फिरवले की बहुधा सुटतात. अडले तर ओढू नये. बहुतेक वेळा दुसरा एखादा खटका फिरवायचा राहिलेला असतो. लाकडी खुंट्या सरसाने चिकटवलेल्या असतील तर त्या उपटू नयेत, फळीतच राहू द्याव्यात.

प्रत्येक फळीवर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस पेन्सिलीने क्रमांक आणि 'वर', 'खाली' असे लिहावे. स्क्रू आणि खटके एका पिशवीत घालून त्या पिशवीवर वस्तूचे नाव लिहावे, आणि ती पिशवी टेम्पोत न टाकता स्वतःच्या हातपिशवीत ठेवावी. भाचीच्या टेबलाचे चार स्क्रू अजून सापडले नाहीत. पिशवी फळीवर चिकटपट्टीने लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. पट्टी काढताना वरचा कागदी पापुद्रा तिच्याबरोबर निघून येतो.

आता बांधणीकडे वळू. फळी मधोमध क्वचितच मोडते. जाते ती कोपऱ्यांत आणि कडांना. म्हणून पैसा आणि पुठ्ठा खर्च करावयाचा तो तेथेच. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्या कडेवर दुमडाव्यात, कोपऱ्यांवर दुहेरी कराव्यात. दोन फळ्यांची गुळगुळीत तोंडे समोरासमोर ठेवून मध्ये फोमचा पातळ पत्रा किंवा जुनी चादर घालावी. वर्तमानपत्राची शाई फिकट रंगाच्या फळीवर उमटू शकते. सारख्या मापाच्या तीन-चार फळ्यांचा एकच गठ्ठा करावा. फार जड केला तर हमाल तो टेकवताना कोपऱ्यावर टेकवतो. सुतळी थेट फळीवर आवळू नये, ती कडेत रुतते. आरसा आणि काच यांचा गठ्ठा निराळा असावा.

कारखान्यातून आलेले खोके कधी उघडून पाहिले असेल, तर त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कागद किंवा पुठ्ठ्याचे ठोकळे भरलेले आढळतात. ते उगाच नसतात. त्या खोक्यात काहीही हलत नाही. आणि जे हलत नाही, ते सहसा मोडत नाही. आपली आई लोणच्याच्या बरण्यांमध्ये कपडे कोंबून गावाला पाठवीत असे, त्यामागचे शास्त्र हेच. गठ्ठा बांधून झाल्यावर तो किंचित हलवून पाहावा. आतून खडखड ऐकू आली तर पुन्हा उघडावा.

टेम्पोत हे गठ्ठे लांब कडेवर उभे ठेवावेत, खाली पुठ्ठा किंवा सतरंजी घालावी, आणि ते आतल्या भिंतीशी सरळ टेकवून पट्ट्याने बांधावेत. तिरपे टेकवले तर हेलकाव्यासरशी फळी मधून वाकते. त्यांच्यावर पोती, गॅसची शेगडी, लोखंडी पलंगाचे भाग असे काहीही चढवू देऊ नये. पावसाचे दिवस असतील तर प्रत्येक गठ्ठ्यास प्लास्टिक लपेटावे आणि टेम्पोवर ताडपत्री असल्याची स्वतः खात्री करावी. मुक्कामी पोचल्यावर मात्र ते प्लास्टिक लगेच सोडावे. आत दमट हवा कोंडून राहिली तर फळ्यांस बुरशी येते.

पुन्हा जोडताना एक युक्ती फार उपयोगी पडते. स्क्रू जुन्या भोकात ठेवून प्रथम उलटा, म्हणजे डावीकडे, हळूच फिरवावा. टक् असा बारीक आवाज होऊन तो जुन्या आट्यात बसतो. मग उजवीकडे पिळावा. असे केल्याने नवा आटा पडून भोक ढिले होत नाही. झालेच असेल तर लाकडाच्या सरसात बुडवलेल्या एक-दोन काड्या भोकात बसवून, सरस वाळल्यावर स्क्रू लावावा. मागची फळी ठोकण्यापूर्वी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. माप सारखे आले तर कपाट काटकोनात आहे असे समजावे. आणि उंच कपाट किंवा खणांची पेटी भिंतीस पट्टीने जखडल्याशिवाय जोडणी संपली असे मानू नये. लहान मूल उघड्या खणावर चढले तर सारे कपाट त्याच्या अंगावर येऊ शकते.

नवे सामान घरी येते तेव्हाही थोडी दक्षता हवी. खोक्याचा कोपरा चेपलेला किंवा ओला दिसला, तर पावतीवर सही करण्यापूर्वी तसे लिहावे आणि छायाचित्र घ्यावे. घर भाड्याचे असेल, बदलीची नोकरी असेल, तर जागा असल्यास मूळ खोकी घडी घालून माळ्यावर टाकावीत. त्याहून चांगले वेष्टन बाजारात विकत मिळावयाचे नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे सामान सागवानासारखे चार पिढ्या चालत नाही. प्रत्येक जोडणीत त्याची भोके थोडी झिजतात. ज्याच्या कडा फुगल्या आहेत, खटके उपटले आहेत, ते वाहतूक-खर्च सोसून नेण्यात अर्थ नाही. गरजूस द्यावे किंवा जुन्या बाजारात विकावे. परंतु हा निर्णय ज्याची वस्तू आहे त्याने घ्यावा. आम्ही भाचीला विचारलेसुद्धा नव्हते.

2025 च्या उन्हाळ्यात भाचीने पुण्यातच घर बदलले. आम्ही चार दिवस आधी जाऊन राहिलो. फुगलेल्या कोपऱ्याचे ते टेबल आणि तिने नव्याने घेतलेले कपाट, दोन्ही आम्ही दोघींनी मिळून सुटी केली, क्रमांक घातले, कडांना पुठ्ठा लावला. कपाटाच्या फळ्यांस सागवानी पेटीच्याच दोन गोधड्या गुंडाळल्या. भाची म्हणाली, "मामी, मग पेटीला काय?" आम्ही म्हणालो, "तिला गोणपाट पुरे. ती आमच्यासारखीच जुन्या हाडाची आहे."

नव्या घरी संध्याकाळपर्यंत कपाट उभे राहिले, भिंतीस पट्टी लागली. जमिनीवरची पुस्तके एकेक करून भाचीने वर लावली. टेबलाचा फुगलेला कोपरा तसाच आहे, आणि तो तसाच राहणार.