अवजारे बँक गावाची, पण ट्रॅक्टर कोणाच्या दारात?

यावल : पहिला पाऊस झाला की रोटाव्हेटर सगळ्यांना एकाच दिवशी लागतो. वाफसा चार दिवसांचा, ट्रॅक्टर एक, सभासद वीस. आधी नंबर कोणाचा? नोंदवही नसली तर अध्यक्षाचा, मग त्याच्या भाऊबंदांचा.

जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोकरा प्रकल्पात जळगाव जिल्हा होता. निवडलेल्या गावांतले गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना अवजारे बँकेसाठी ६० टक्के अनुदान होतं. गाडं अडतं ते उरलेल्या ४० टक्क्यांवर. ती रक्कम एकट्याने घातली, की गट कागदावर आणि ट्रॅक्टर त्याच्याच दारात. दोन एकरवाला पुन्हा खासगी भाड्याने नांगरट करतो.

यावल-रावेर पट्ट्याची एक जमेची बाजू आहे. केळीत मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन लागवडी. त्यामुळे बाग मोडणं, खोडांची कुट्टी, सऱ्या पाडणं ही कामं एकाच महिन्यात येत नाहीत. यंत्र उभं राहत नाही, हप्ता निघतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरडवाहू गावांत मात्र खरिपानंतर काम आटतं. तिथे महागडा ट्रॅक्टर घेण्यापेक्षा पेरणीयंत्र, मळणीयंत्र बरं. आणि सहकार इथे नवा नाही, रेल्वेने दिल्लीला केळी पाठवणाऱ्या फ्रूटसेल सोसायट्या याच भागातल्या.

गटात पैसे भरण्याआधी विचारा : आरसी बुक कोणाच्या नावावर? तासाचा दर फलकावर लिहिलाय का? डिझेल-दुरुस्तीचा हिशेब दर महिन्याला कोण वाचून दाखवणार?