झाडांची बाजू

जे. आर. आर. टॉल्किन ह्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुतकथा १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. ती वाचणारांची चर्चा बहुधा एका प्रश्नाशी येऊन अडते: हिच्यातील निसर्ग मित्र की शत्रू? आमच्या वाचनमंडळातही हाच वाद रंगला. एका पक्षाने जुन्या रानातील म्हाताऱ्या विलोचा दाखला दिला. आपल्या वाळुंजाच्या कुळातला हा वृक्ष वाटसरूंना गुंगी आणतो आणि खोडाच्या भेगेत कोंडून घेतो. दुसऱ्या पक्षाने वृक्षांचे राखणदार जे ‘एंट’, त्यांतील ट्रीबियर्डकडे बोट दाखविले. शत्रूच्या तावडीतून निसटलेल्या दोघा हॉबिटांना तो आसरा देतो.

आम्हांस वाटते, हा प्रश्नच अपुरा आहे. हॉबिट ही शेतीबागेत रमणारी ठेंगणी, सालस माणसे. परंतु रान कुंपणावर चालून आले तेव्हा त्यांनीच शेकडो झाडे तोडून त्यांची होळी केली होती. रान अधिकच आकसाने वागू लागले ते त्यानंतर. ट्रीबियर्डही कोणाचा मिंधा नाही. आपली बाजू पूर्णपणे कोणीच घेत नाही, म्हणून आपणही पूर्णपणे कोणाच्या बाजूचे नाही, असे तो स्पष्ट सांगतो. सारुमानच्या भट्ट्यांसाठी झाडे तुटू लागतात, काही तर तोडून नुसती कुजत टाकली जातात, तेव्हाच एंट चालून जातात आणि नदीचे पाणी सोडून त्याचा तळ बुडवितात.

ह्या रागाचे मूळ लेखकाच्या बालपणातही सापडते. १८९६ ते १९०० ह्या काळात टॉल्किन बर्मिंगहॅमलगतच्या सेअरहोल ह्या खेड्यात राहत. तेथील गिरणीच्या तळ्यावर ओणवलेल्या एका विलोवर ते चढत असत. एके दिवशी तो तोडला गेला. लाकडाचा उपयोग कोणीच केला नाही. ओंडका तसाच पडून राहिला. ही आठवण त्यांनी उतारवयातही सांगितली आहे.

मग उपाय कोणता? युद्ध संपवून हॉबिट घरी परततात, तो त्यांच्याच गावची झाडे तोडलेली आढळतात. सॅम हा व्यवसायाने माळी. त्याच्याजवळ गॅलड्रिएल राणीने दिलेली, तिच्या बागेतील मातीची छोटी डबी असते. जेथे जेथे लाडके झाड गेले, तेथे तेथे तो रोप लावतो आणि मुळाशी त्या मातीचा एकेक कण घालतो. पराक्रमाच्या एवढ्या मोठ्या कथेत आम्हांस हे काम लहान वाटत नाही.

मुलांसमवेत हे पुस्तक वाचताना, झाड चांगले की वाईट, हे विचारण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा: ह्या झाडावर पूर्वी काय गुदरले होते?