"बोलेल गं आपोआप!"

"अगं, मुलगे उशिराच बोलतात. याचे बाबाही उशिराच बोलले होते म्हणे!" मैत्रिणींनो, हे वाक्य आपण प्रत्येकीने कधी ना कधी कुणा आईला ऐकवलेलं असतं. मीही ऐकवलंय, आमच्या शेजारच्या सूनबाईला. तिचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. ती बिचारी काळजीने विचारायला आली आणि मी तिला चहा पाजून परत पाठवलं. पुढे दीड वर्ष तसंच गेलं. त्याची बोच अजून जात नाही.

मुलगा काही मुका नव्हता. टीव्हीवरच्या जाहिराती घडाघडा म्हणायचा, एबीसीडी तर तोंडपाठ. घरात सगळे खूश. पण नावाने हाक मारली तर वळून बघायचा नाही. बिस्किट हवं असलं की आईचं मनगट धरून डब्यापर्यंत ओढत न्यायचा, तिच्या तोंडाकडे मात्र बघायचा नाही. शब्द येणं वेगळं आणि दुसऱ्याला काही सांगावंसं वाटणं वेगळं, हे मला तेव्हा कुठे कळत होतं?

वर्षाचं बाळ टाटा करत नाही, बोटाने काही दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून स्वतःहून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्दच बोलायचं थांबलं, तर वाट बघू नये. आधी कान तपासून घ्यावेत. प्रत्येक वेळी स्वमग्नताच निघते असं नाही. कधी ऐकूच कमी येत असतं.

तिच्या मुलाला स्वमग्नता निघाली. स्पीच थेरपी सुरू झाली तेव्हा मी एकदा सोबत गेले. मला वाटलं, बाई पाटी घेऊन शब्द घोकून घेतील. तर त्या सरळ सतरंजीवर बसल्या आणि साबणाचे फुगे उडवायला लागल्या. चार फुगे उडवले की थांबायच्या, त्याच्याकडे बघत गप्प बसायच्या. बराच वेळ गेला. शेवटी त्याने क्षणभर मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, की लगेच फू! मी म्हटलं, एवढंच? त्या म्हणाल्या, "काकू, यालाच वेळ लागतो."

खरं काम घरीच करायचं असतं. बिस्किटांचा डबा पारदर्शक, झाकण घट्ट, म्हणजे मदत मागावीच लागते. पूर्ण पुडा हातात न देता एकेक तुकडा द्यायचा. एकदा त्याने चेंडू ढकलायचा, एकदा आपण. पदराआडून बुवा-कुक. आणि आपण कमी बोलायचं, थांबायचं. आपल्याला हेच जमत नाही! मुलाने तोंड उघडायच्या आत ताट पुढे करण्यात आपला जन्म गेलेला.

सासूबाईंचं म्हणणं, हिने मोबाईल दिला म्हणून असं झालं. तसं नसतं. मोबाईलने स्वमग्नता होत नाही, आईच्या वागण्यानेही होत नाही. मोबाईल माणसांशी खेळायचा वेळ मात्र खातो, म्हणून तो बाजूला ठेवायचा. पण थेरपीच्या जोडीला आईने टोमणेही सोसायचे, हा कुठला न्याय?

२०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायची असते. डॉक्टर आले की "वजन बरोबर आहे ना" एवढ्यावर समाधान मानू नका, बोलण्याचंही विचारा. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही स्वमग्नता धरली आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं. त्याची लाज कसली?

अडचण आहे ती येण्या-जाण्याची. जिल्ह्याच्या गावी दर मंगळवारी एसटीने जायचं, घरी धाकटी सहा महिन्यांची. तेव्हा आमच्या मंडळातल्या चौघींनी पाळ्या लावून घेतल्या. गेल्या मंगळवारी परत येताना त्याने खिडकीतून बैलगाडीकडे बोट दाखवलं आणि वळून आईकडे पाहिलं. शब्द काही नाही. तिने स्टँडवरूनच मला फोन केला. या मंगळवारी धाकटीला सांभाळायची पाळी माझी आहे.