माणदेशाचे नियोजन सरासरीवर नको

एल निनोचे भाकीत आले की माण-खटाव-आटपाडीत, म्हणजे माणदेशात, दुष्काळ ठरलेलाच, आणि ते नसले की टंचाई आराखड्याची घाई नाही, असा जो समज रूढ होत चालला आहे, तो शास्त्राला धरून नाही. विषुववृत्तालगतच्या मध्य व पूर्व प्रशांत महासागराचे पृष्ठजल नेहमीपेक्षा अधिक तापते त्या स्थितीस एल निनो म्हणतात. तीमुळे भारतावरील मोसमी पाऊस बहुधा दबतो आणि १९७२ व २०१५ ही त्याची ठळक वर्षे होत. परंतु १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील अतिप्रबळांपैकी असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंद महासागराचा पश्चिम भाग त्या वर्षी पूर्वेपेक्षा अधिक तापला होता व या तफावतीने, म्हणजे हिंद महासागरी द्विध्रुवाने, एल निनोला निष्प्रभ केले, असे अभ्यासक मानतात. उलट २०१२ मध्ये एल निनो पुरता आकारालाच आला नाही, तरी माण तालुक्यातल्या म्हसवडला जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या.

महासागरांचे काही चढउतार तर वीस-तीस वर्षे चालतात, त्यामुळे ज्या सरासरीवर आराखडे बेतले जातात तीही स्थिर नसते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२२ मध्ये १९७१ ते २०२० या कालखंडावरून देशाच्या मोसमी पावसाची सरासरी नव्याने काढली, तेव्हा ती ८८ वरून ८७ सेंटिमीटरवर आली. देशाच्या हिशेबात हा फरक किरकोळ असला, तरी सह्याद्रीने ढगांतले बहुतेक पाणी पश्चिमेलाच उतरवून घेतल्यावर जो पर्जन्यछायेचा पट्टा उरतो, जिथे वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातही रब्बीच्या ज्वारीची मदार उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसावर असते, तिथे दोन नक्षत्रे कोरडी गेली की वार्षिक आकडा कितीही समाधानकारक दिसो, कणगी रिकामीच राहते. जिल्ह्याची सरासरी तर याहून फसवी: ऑगस्ट २०१९ मध्ये आटपाडीच्याच जिल्ह्यातले सांगली शहर कृष्णेच्या पुरात असताना माणदेशात चारा छावण्या चालू होत्या!

म्हणून प्रशासनाने महसूल मंडळनिहाय पर्जन्यमापकांच्या जुन्या-नव्या सर्व नोंदी, सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे वेगळे काढून, दरवर्षी खरिपापूर्वी ग्रामपंचायतींत लावाव्यात आणि चारा, टँकर व पीक विमा यांचे नियोजन सरासरीऐवजी दर दहा वर्षांतील सर्वांत कोरड्या दोन-तीन वर्षांवर बेतावे.

— एक वाचक, दहिवडी (ता. माण)